दुपारच्या सुट्टीत मुंबईचं ऊन: फोर्ट-चर्चगेटच्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

ऑफिसातून डबा उचलून बाहेर निघाले की लिफ्टपाशी कोणीतरी हमखास विचारतं, "कुठे निघालात उन्हाचं?" हिवाळ्यात मी दुपारचा डबा बाहेर उन्हात बसून खाते, त्यामुळे हाच प्रश्न आणि त्याच्या पोटातले इतर प्रश्न वारंवार येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. भर फोर्ट, चर्चगेट आणि आसपासच्या भागावर आहे. दुसरीकडे नोकरी करणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं आहे, पण त्यात आनंदाची बातमी कमी.

मुंबईत आणि उन्हात जेवायचं? पुण्या-नाशिकला ठीक आहे हो.

पुण्या-नाशिकसारखी थंडी इथे पडत नाही, हे खरं. डिसेंबर-जानेवारीतही मुंबईचं कमाल तापमान सरासरी तिशीच्या आसपास असतं. पण नोव्हेंबर सरता सरता हवेतला दमटपणा कमी होतो आणि सगळा फरक तिथे पडतो. मेमध्ये तेहेतीस अंशांना शर्ट अंगाला चिकटतो. जानेवारीत तीस अंशांना, थोडी झुळूक असेल तर, माणूस अर्धा तास आरामात बसतो. शिवाय ज्याने सकाळपासून चोवीस अंशांच्या एसीत स्वेटर घालून काम केलंय, त्याला ते ऊन पहिली पाच मिनिटं अमृतासारखं लागतं. सहाव्या मिनिटाला सावलीकडे सरकायची सोय हवी, एवढंच.

नेमका मोसम कधी?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबर हीटमध्ये प्रयोग करू नका. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात काही दिवस अचानक पारा पस्तिशीपार जातो. त्याचं एक कारण समुद्रावरचं वारं उशिरा सुटणं. सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून कोरडा वारा वाहत असतो आणि दुपारी त्याची जागा पश्चिमेकडचा खारा वारा घेतो. हा बदल बाराच्या आधी झाला तर दुपार सुसह्य जाते. दोन वाजेपर्यंत लांबला तर शहर भाजून निघतं. म्हणून सुट्टीला बाहेर पडताना झाडांची पानं कुठल्या दिशेला हलतायत ते बघा. चर्चगेटच्या बाजूने वारं येत असेल तर बिनधास्त जा.

आमची सुट्टी एक वाजता असते. तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला असेल ना?

नाही. घड्याळ बाराला माध्यान्ह दाखवतं, पण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि मुंबई जवळपास त्र्याहत्तरावर. त्यामुळे इथली खरी माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. डिसेंबरअखेरीस ती १२:४० च्या आसपास, फेब्रुवारीत तर १२:५० च्या पुढे. म्हणजे एकची सुट्टी ऐन माध्यान्हीलाच पडते.

ही ३९ मिनिटं मुंबईने एकेकाळी प्रतिष्ठेची केली होती. १९०६ मध्ये देशासाठी प्रमाणवेळ ठरली तरी हे शहर आपला 'बॉम्बे टाइम' सोडायला तयार नव्हतं, आणि तो अधिकृतपणे थेट १९५५ मध्ये गेला. जुन्या हिशेबाने आपण आजही सव्वाबाराच्या सुमारासच जेवतो, असं म्हणायला हरकत नाही.

मग ते ऊन बाधत नाही?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. २१-२२ डिसेंबरला मुंबईत तो माध्यान्हीला क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवरच चढतो. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हा पाच फूट पडते. उलट १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास तो इथे अगदी डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच गडप होते. आपला मोसम डिसेंबरच्या त्या खालच्या टोकाभोवती बसतो.

तरी अतिनील किरण हिवाळ्यातही बऱ्यापैकी असतातच. टोपी असू द्या, आणि त्वचेचा त्रास असेल किंवा उन्हाने अर्धशिशी उठत असेल तर सरळ सावलीत बसा. सावलीत जेवलात म्हणून कोणी नावं ठेवणार नाही.

ड जीवनसत्त्व मिळतं, असं म्हणतात. खिडकीजवळ बसून मिळणार नाही का?

खिडकीजवळ नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी नावाचे अतिनील किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. खिडकीजवळच्या जागेसाठी ऑफिसात जी भांडणं होतात, ती निदान या कारणासाठी तरी होऊ नयेत.

बाहेरच्या उन्हासाठी सोपा अंदाज असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर हे किरण पुरेसे असतात. मुंबईत ही अट माध्यान्हीला वर्षभर पूर्ण होते, डिसेंबरात जेमतेम. सकाळी सातला बाल्कनीत उभं राहून कोवळं ऊन घेणाऱ्यांना छान वाटत असेल, त्या बाबतीत फायदा फारसा नाही. किती वेळ बसायचं ते रंग, वय आणि कपड्यांवर ठरतं. गोळ्या चालू असतील तर उन्हाच्या भरवशावर त्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बसायचं कुठे?

हा खरा प्रश्न. मुंबईत ऊन फुकट आहे, बूड टेकायला जागा मात्र शोधावी लागते.

माझी पहिली पसंती हॉर्निमन सर्कलच्या बागेला. गोल बाग, भोवती लोखंडी कुंपण, त्याभोवती रस्ता आणि रस्त्याभोवती कमानींच्या इमारतींचा वेढा. १८७२ मध्ये हे वर्तुळ पुरं झालं तेव्हा त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावे झालं. ब्रिटिश असून ब्रिटिश सरकारवर तुटून पडणारा आणि त्यापायी हद्दपार झालेला हा संपादक. बागेत जुनी, मोठी झाडं आहेत, त्यामुळे ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली येतं. बाकावर बसलं की ठिपका हळूहळू सरकतो. डब्यातल्या वांग्यावर असतो तो जेवण संपेपर्यंत गुडघ्यावर येतो. ज्यांना ऊन हवंय पण सगळंच नकोय, त्यांनी इथे यावं. याच भागात टाउन हॉलसमोर १८५० च्या दशकात शेअर दलाल वडाखाली जमत, आणि त्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. सावलीत बसण्याची इथली परंपरा मोठ्या उलाढालीची आहे.

समोरच एशियाटिकच्या, म्हणजे टाउन हॉलच्या पायऱ्या. इमारत १८३३ ची, तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळभर पायऱ्या सावलीत असतात आणि दुपार कलायला लागली की ऊन येतं. बारा-साडेबाराला जेवत असाल तर दगड गार असतो, दोनला गेलात तर चटका. पायऱ्यांवर बसून फोटो काढणारे बरेच असतात. त्यांच्या चौकटीत तुमचा डबा येणार, त्याची सवय करून घ्या. जेवण्यापेक्षा जेवल्यावर टेकायला ही जागा बरी.

ओव्हल मैदान प्रशस्त आहे. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. या सगळ्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. मधली मोकळी जागा म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी किल्ल्याच्या भिंती पाडून शहर पसरलं तेव्हा उरलेल्या एस्प्लनेडचा, म्हणजे किल्ल्यापुढच्या मोकळ्या मैदानाचा तुकडा. कडेने ताडामाडांची झाडं आहेत, पण त्यांची सावली काठीएवढी. इथे यायचं ते ऊन खायलाच. वेळ बघायला मोबाइल काढावा लागत नाही, टॉवरवर घड्याळ आहे आणि ते पाव तासाला वाजतं. प्रेमचंद रायचंद या कापूस दलालाने आईच्या नावाने हा मनोरा बांधायला पैसा दिला. १८७८ मध्ये तो पुरा झाला, उंची ८५ मीटर. आई जैन, सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम, डोळ्यांनी अधू, म्हणून टोले ऐकून तिला वेळ कळावी ही त्यामागची कल्पना, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, जेवणाच्या वेळेसाठी टोले देणारं घड्याळ समोर असणं सोयीचं आहे.

क्रॉस मैदानाच्या बागेत स्टीलचा मोठा चरखा आहे. फॅशन स्ट्रीटला लागून असल्याने वर्दळ असते, बसायला जागा त्या मानाने बरी. बॅलार्ड इस्टेटला बाग अशी नाही, पण १९१४ ते १९१८ च्या काळात आखलेले रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत आणि दुपारी वाहतूक त्या मानाने शांत. एखाद्या इमारतीच्या ओट्यावर टेकता येतं, रखवालदार उठवेपर्यंत.

आणि मरीन ड्राइव्ह? ते तर सगळ्यात जवळ.

दुपारी एकला नको. कठडा पश्चिमेला तोंड करून आहे, वर सावली नाही, पाण्यावरून उलटणारी तिरीप डोळ्यांत आणि काँक्रीट खालून तापलेलं. नवीन रुजू झालेली मुलं उत्साहाने तिकडे डबे घेऊन जातात आणि अर्ध्या पोळीत परत येतात. चारनंतरच्या चहाला, नाहीतर संध्याकाळी जा, तेव्हा ती जागा कोणत्याही बागेला भारी पडते.

ओव्हलवर सामने चालू असतात. चेंडू लागला तर?

आठवड्याच्या दिवशीही नेट आणि सामने असतात, त्यामुळे पाठ मैदानाकडे करून बसू नका. मधली पायवाट आहे तिच्यावर चालत राहा, ती मोडून खेळपट्टी ओलांडू नका. "बॉऽऽल!" अशी हाक आली की आधी डोकं झाका, मग बघा. चेंडू तुमच्या पायाशी आला तर उचलून हलकेच टाका. पोरं "थँक यू अंकल" म्हणतील तेवढा धक्का सहन करायचा.

सावली कुठे मिळेल हे आधी कसं ओळखायचं?

हिवाळ्यात माध्यान्हीला सूर्य दक्षिणेला असतो, म्हणजे इमारतीची सावली उत्तरेला पडते. सावली हवी तर इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला बसा, ऊन हवं तर दक्षिणेच्या. दीडनंतर सावल्या ईशान्येकडे सरकायला लागतात, तेव्हा बाकाच्या पश्चिम टोकाला बसलेल्यावर आधी ऊन येतं. झाडांच्या बाबतीत वडाची सावली दाट, पण वर पक्ष्यांची वस्ती असते आणि त्यांचा प्रसाद खाली येतो. पर्जन्यवृक्षाची सावली विरळ आणि हिवाळ्यासाठी अगदी योग्य. गेल्या काही वर्षांत कीड लागून मुंबईतले असे बरेच वृक्ष वाळले, हे दुर्दैव.

डबेवाल्याकडून येणारा डबा बाहेर नेला तर?

न्या, पण वेळेत परत आणा. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातल्या मंडळींनी १८९० पासून चालवलेलं हे काम डब्यावरच्या खुणा आणि लोकलची वेळ या दोन गोष्टींवर चालतं. रिकामा डबा दीड-दोनच्या सुमारास उचलला जातो. तुमचा डबा ओव्हलवर ऊन खात पडला आणि उचलणारा येऊन गेला, तर दुसऱ्या दिवशी घरी भाजी कशात भरायची हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी तो बिचारा तुमच्या मजल्यावर थांबणार नाही, त्याची गाडी ठरलेली असते. उशीर होणारच असेल तर जेवण दुसऱ्या छोट्या डब्यात काढून घ्या आणि मूळ डबा जागेवर ठेवून निघा.

डब्यात काय आणावं?

कोरडं. पोळी-भाजी, थालीपीठ, दशमी, मेथीचा पराठा, झुणका. मांडीवर डबा ठेवून वरण-भात कालवायला फार सराव लागतो, आणि वाऱ्याने पापड उडतो. एकाच डब्याच्या झाकणात लोणचं, चटणी, कांदा मांडून मधोमध ठेवलं की चौघांची पंगत बसते. डिसेंबर-जानेवारीत बाजार मजेत असतो, त्याचा फायदा घ्या: पेरूला तिखट-मीठ, संत्रं, बोरं, ओले हरभरे, संक्रांतीच्या आठवड्यात तिळाची वडी. संत्र्याची सालं त्याच झाकणात टाकून परत न्यायची, बागेत नाही.

ताक आणायचं तर बाटली घट्ट बंद होणारी हवी. पिशवीत सांडलेल्या ताकाचा वास लॅपटॉपला महिनाभर येतो.

डबा नसेल तर?

सँडविचवाला गाठा. बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी आणि वर शेव घातलेलं मुंबई सँडविच हे उभ्याने, चालत किंवा बाकावर, कसंही खाता येतं, आणि तो कागदात बांधून देतो. चर्चगेटला एसएनडीटीजवळच्या खाऊगल्लीत पावभाजी, डोसा, चायनीज सगळं मिळतं, पण ते तिथेच उभं राहून खाण्याचे पदार्थ. पावभाजीची प्लेट घेऊन मैदानापर्यंत जाण्याचा हट्ट करू नये. फोर्टातल्या इराण्याच्या हॉटेलातून ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) बांधून घेतला तर तो बागेत चहाशिवाय कोरडा जातो, हे लक्षात असू द्या.

कावळे त्रास देतात का?

देतात. कावळा समोरून येत नाही. तो मागच्या कठड्यावर बसून तुम्ही मोबाइलकडे कधी बघता याची वाट पाहतो. पोळी हातात ठेवा, डब्यात उघडी नको. मांसाहारी डबा असेल तर वर घारी घिरट्या घालतात का तेही बघा. मांजरी बाकाखाली येतात, त्या निदान विनंती तरी करतात. कबुतरांना दाणे टाकू नका. पालिका त्यासाठी दंड करते आणि त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसाचे आजार होतात.

अर्ध्या तासात हे सगळं बसतं?

ऑफिसपासून पाच-सात मिनिटांवर जागा असेल तर बसतं, त्यापलीकडे नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांत दुपारी १ ते २ च्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तासच भोजनाची सुट्टी आहे, त्यामुळे मंत्रालयातल्यांनी ओव्हलचं दक्षिण टोक गाठावं, हॉर्निमन सर्कलचा मोह सोडावा. खाजगी आस्थापनांसाठी २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली आहे. ती टेबलावर बसूनच घ्यावी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. साहेबांना कायदा ऐकवण्यापेक्षा एक दिवस त्यांनाच सोबत न्या, ते जास्त उपयोगी पडतं.

बाईमाणसाने एकटीने बसावं का?

मी बसते. आठवड्याच्या दिवशी, दुपारी, या भागात ऑफिसच्या गर्दीमुळे काही वाटत नाही. बघणारे बघतातच. फाटकाजवळचं किंवा दुसऱ्या बायका बसल्यात त्याच्या शेजारचं बाक पकडा. एकदा दोन-तीन ओळखीचे चेहरे झाले की प्रश्न उरत नाही. खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे. ती ऑफिसातच उरकून निघा. हात धुवायला पाण्याची बाटली वेगळी.

बागेत जेवू देतात का? दुपारी फाटक बंद असतं का?

पालिकेच्या काही बागा दुपारी बंद ठेवतात आणि काही ठिकाणी खाद्यपदार्थांना मनाई असते. फाटकावरची पाटी वाचा. पाटीपेक्षा रखवालदाराचा शब्द मोठा असतो, त्यामुळे त्याच्याशी दोन शब्द बोलून घ्या. चटई पसरून सहल मांडली तर तो उठवणारच. बाकावर बसून नीट खाल्लं आणि कागद उचलला तर बहुधा काही म्हणत नाही.

मी लोअर परळला काम करतो. तिथे कुठे?

इथे खेदाने सांगावं लागतं की जवळपास कुठेच नाही. आणि ते आपोआप झालेलं नाही.

गिरणगावात गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीमालकाने जमीन विकसित केली तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा दिला. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला: ही वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. आवारात रिकामी जमीन होती किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल मोकळ्या जागांच्या बाजूने वाचला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो निकाल फिरवला. आज तिथे काचेचे मनोरे आहेत, मनोऱ्यांच्या आवारात 'फक्त ग्राहकांसाठी' खुर्च्या आहेत, आणि दुपारी हजारो माणसं पुलाखालच्या टपरीशी उभ्याने वडापाव खातात. मैदान मागायला गेलं की 'मुंबईत जागाच कुठे आहे' असं ऐकवतात. ओव्हल वाचलं तेही आपोआप नाही. आजूबाजूचे रहिवासी त्यासाठी झगडले आणि देखभालीला उभे राहिले.

तूर्त उपाय म्हणजे गच्ची. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या इमारतीची गच्ची उघडून घेण्यासाठी चौघांनी मिळून अर्ज करा.

बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल?

फूटपाथ रुंद, झाडं अजून वाढतायत, काचेवरून ऊन दोन्हीकडून येतं. जी ब्लॉकमधलं सिटी पार्क जवळ असेल तर तिकडे जा, नाहीतर उत्तरेच्या अंगाची सावली शोधा.

हिवाळ्यात हवा खराब असते. बाहेर बसणं शहाणपणाचं आहे?

रास्त शंका. थंडीत सकाळी धुरकं जमिनीलगत अडकून राहतं. दुपारी जमीन तापली की हवा वर उचलली जाते, आणि साधारणपणे सकाळपेक्षा दुपारची हवा बरी असते. पण एशियाटिकच्या पायऱ्यांवरून समोरच्या इमारती फिकट दिसत असतील तर त्या दिवशी आत बसा. दमा असणाऱ्यांनी हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघूनच ठरवावं. शेजारी खोदकाम चालू असेल तर आकडा न बघताही.

जेवून उन्हात बसलं की परतल्यावर झोप येते. काय करावं?

शेवटची पाच मिनिटं बसू नका, चाला. हॉर्निमन सर्कलला एक फेरी मारून ऑफिसात जा, लिफ्ट टाळा. तरीही झोप आली तर ती उन्हाची नाही, भाताची.

आणि मार्चनंतर?

मार्च ते मे बाहेर जेवणं बंद, फक्त सहानंतर. पावसात हॉर्निमन सर्कलच्या आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून जेवल्यावर न भिजता शतपावली करता येते. फेरीवाल्यांच्या छत्र्यांमधून वाट काढता आली पाहिजे.